लाल तार बॉडीला, अर्थ उलटा

या अंकासाठी लिहा असं जे छापील पत्र मला आलं, त्यात 'आपल्या प्रदीर्घ सेवेतील निवडक प्रसंग' असे शब्द आहेत. माझी सेवा तीन वर्षांची आहे, आणि तीही दुपारी दोननंतरची, कारण सकाळी कॉलेज असतं. पत्र बहुधा चुकून आलं असावं. पण छापील पत्राला उत्तर द्यावंच लागतं अशी माझ्या आईची ठाम समजूत आहे, म्हणून लिहिते आहे.

मी गोंदियाजवळच्या मुर्री गावची. गोंदियात जुन्या मोटारींच्या एका गॅरेजात काम करते. मालक लोक त्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात. आमचे उस्ताद त्यांना 'म्हाताऱ्या' म्हणतात आणि त्यांच्याशी बोलतातही तसंच. झनकलाल उस्ताद चौथी शिकलेले आहेत. इंजिनावर हात ठेवून आतलं दुखणं सांगतात. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि ऑपरेशन 'सीझन संपला की' करायचं आहे. गॅरेजचा सीझन कधी संपतो, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही.

मला त्यांनी ठेवलं ते वाचायला. पार्टचा नंबर, डब्यातला कागद, तारांचे रंग हे सगळं मी वाचून सांगायचं. त्याची मला सवय होतीच. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, त्यामुळे आमच्या गल्लीत लिहिलेलं जे काही येतं ते आधी माझ्याकडे येतं. औषधाची बाटली, रेशनचा फॉर्म, बँकेचा मेसेज, नातवाच्या शाळेची नोटीस. लोक अशा विश्वासानं कागद पुढे करतात की काही दिवसांनी आपल्यालाही वाटायला लागतं, आपल्याला वाचता येत नाही असं जगात काही नाही. पुढचं सगळं त्या वाटण्यातून झालं.

गॅरेजात माझं नाव 'कॉलेज'. "ए कॉलेज, पाना दे", "कॉलेज, चहा सांग", असं. वाचता वाचता हातात पाना कधी आला ते कळलं नाही, पण गाडीखाली शिरायला लागल्यावर गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. देवरीचे एक गृहस्थ मी गाडीखालून उत्तरं देत असताना दहा मिनिटं माझ्याशी नीट बोलले. मी बाहेर आल्यावर म्हणाले, "बेटा, मेकॅनिकला बोलाव." अर्जुनी मोरगावचे एक निवृत्त साहेब दर महिन्याला फक्त हॉर्न ठीक करून घेतात. त्यांची गाडी कित्येक वर्षांत अंगणातून हललेली नाही, पण हॉर्नचा आवाज बसला की त्यांना रात्री झोप लागत नाही म्हणे. मी त्यांच्या अंगणात जाऊन हॉर्न ठीक करते. इतकं समाधानी गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलेलं नाही. गाडी चालवली की तक्रारी सुरू होतात.

आता मुद्द्याची गाडी. राइस मिलवाल्या एका सेठांच्या आजोबांनी घेतलेली, विलायती, काळी, गोल पाठीची. वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघते, लग्नाच्या वरातीत. आणि दर वरातीत बंद पडते. नवरदेव आत बसलेला, पुढे बँड, आणि मामा-काका-फुफा गाडी ढकलताहेत, हे दृश्य त्या घराण्यात इतकं रुळलं होतं की ढकलायचा मान कोणाचा यावरून रुसवे होत. एक चुलतभाऊ तर हातात ओला टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन बोनेटच्या बाजूनं चालत असे. गाडी थांबली की बोनेट उघडून पंपावर ओला टॉवेल टाकायचा. वरातीत नवरदेवापेक्षा पंपाची सेवा जास्त व्हायची.

हे का होतं ते सांगते. जुन्या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. इंजिनाच्या अंगालाच एक छोटा पंप असतो. इंजिन चाललं की तो चालतो आणि टाकीतलं पेट्रोल पुढे ओढून घेतो. वाऱ्यावर पळणाऱ्या गाडीला एवढं पुरतं. पण मे महिन्यात, गोंदियाच्या उन्हात, बँडच्या मागे माणसाच्या चालीनं निघालेल्या गाडीला वारा कुठला? इंजिनाची उष्णता तिथंच साचते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप बिचारा वाफ ओढत बसतो. शेतातल्या मोटारीनं हवा धरली की ती फिरते पण पाणी देत नाही, अगदी तसंच.

यावर उपाय म्हणजे मागे, टाकीजवळ, विजेवर चालणारा दुसरा पंप बसवायचा. पुढचा पंप पेट्रोल ओढतो, हा मागून ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलची वाफ सहजासहजी होत नाही. रोज लागत नाही, गाडी कूर्मगतीनं चालली किंवा महिनोन् महिने उभी राहिली की बटन दाबायचं. पंप मात्र कमी जोराचा हवा. जास्त जोराचा लावला तर कार्बोरेटर ओसंडून पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं, आणि मग वरातीला वेगळे फटाके आणावे लागत नाहीत. वेगळा फ्यूज लावायचा, पंपाच्या आधी गाळणी लावायची, आणि गाडीला जोराचा धक्का बसला तर पंपाची वीज तोडणारा एक स्विच. काम अर्ध्या दिवसाचं.

गेल्या मे महिन्यात सेठांच्या मुलाचं लग्न निघालं. "उस्ताद, इस बार धक्का नहीं लगना चाहिए," सेठ म्हणाले. पंपाचं ऐकल्यावर मात्र दचकले. "दादाजी की गाड़ी में नया सामान? ओरिजिनल की बात अलग होती है, उस्ताद." हे ते ज्या गाडीला टेकून बोलत होते, तिच्या खाली निळे-जांभळे एलईडी पट्टे होते आणि हॉर्न गाणं म्हणत होता. पंप मागे, खाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी बसतो हे कळल्यावर ओरिजिनलची बात मिटली.

पंप आणला गुलाबभाईंच्या दुकानातून. गॅरेजच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पार्टचं दुकान आहे. उस्ताद आणि गुलाबभाई जवान होते तेव्हापासून रोज सकाळी एकत्र चहा पितात. गुलाबभाई आठ वाजता शटर अर्धं उघडून गॅरेजबाहेरच्या आमच्या बाकावर येऊन बसत. अख्खं शटर उघडलं तर गिऱ्हाईक येईल आणि चहा निवेल, असा हिशोब. गोंदियाचे जन्मापासूनचे असून मराठी समजायची पण बोलायची नाही, हा त्यांचा नेम, आणि हिंदी समजायची पण बोलायची नाही, हा उस्तादांचा. तरी तासभर चालायचं.

पंप बसवायच्या दिवशी उस्ताद म्हणाले, "कॉलेज, हे काम तू एकटीनं कर. मी हात नाई लावत."

तीन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पंप टाकीजवळ रबराच्या गाद्यांवर बसवला, नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या. राहिल्या दोन तारा, एक लाल आणि एक काळी. आजकालच्या प्रत्येक गाडीत काळी तार, म्हणजे निगेटिव्ह, गाडीच्या बॉडीला जोडतात आणि लाल बॅटरीकडून येते. पंपाच्या डब्यातल्या कागदावरही तसंच चित्र होतं. पण या गाडीच्या बोनेटच्या आत पांढऱ्या पेंटनं, वाकड्या अक्षरांत, उस्तादांनीच कधी काळी लिहून ठेवलं होतं: 'लाल तार बॉडीला. अर्थ उलटा.'

मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि मला समजलं.

मला समजलं ते असं. चौथी शिकलेल्या माणसानं घाईत चुकून 'लाल तार बॉडीला' असं लिहिलं. नंतर चूक लक्षात आली, पण पेंट वाळला होता, खोडता येईना. म्हणून पुढे टीप दिली: याचा अर्थ उलटा घ्यावा. म्हणजे लाल नाही, काळी. मला उस्तादांचं कौतुकही वाटलं. मी काळी तार बॉडीला लावली.

उस्ताद तोंडानं नेहमी 'अर्थिंग' म्हणतात. वीज बॉडीतून परत जाते, ती वाट म्हणजे अर्थिंग. बोनेटवर जागा पुरली नाही म्हणून त्यांनी 'अर्थ' एवढंच लिहिलं होतं. काही जुन्या विलायती गाड्यांत ही वाट उलटी असते, बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. 'अर्थ उलटा' म्हणजे तेवढंच. आमच्या मराठीच्या मॅडमना हे वाक्य दिलं असतं तर त्यांनीही मी लावलेल्या अर्थाला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. ज्यानं ते लिहिलं तो माणूस माझ्यापासून दहा फुटांवर बसला होता. पण वाचणारीनंच लिहिणाऱ्याला अर्थ विचारायचा, हे मला सुचलंसुद्धा नाही.

बॅटरी चार्जिंगला दिली होती. ती परत आली तेव्हा उस्तादांनीच चाचपून, नेहमीच्या सवयीनं बसवली, म्हणजे प्लस बॉडीला. "दाब बटन," ते म्हणाले. मी दाबलं. पंपानं एकदा टक् केलं आणि मागून जळक्या रबराचा वास आला. मी बटन बंद केलं, बॅटरीची तार काढायला पुढे आले आणि तेव्हा पाहिलं, कोणती तार कुठे आहे ते. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहे मी. सगळं एका क्षणात कळलं. अर्थही कळला.

"काय झालं व?" उस्तादांनी विचारलं.

"पंपच खराब निघला," मी म्हणाले.

का म्हणाले, हे लिहिणं अवघड आहे. एकटीनं केलेलं पहिलं काम होतं. त्यांनी पुन्हा कधी 'मी हात नाई लावत' म्हटलं नसतं. एवढंच कारण होतं. एका वाक्यानं कोणाचं काय बिघडणार, असंही वाटलं असावं.

उस्तादांनी पंप उचलला आणि स्वतः गुलाबभाईंकडे निघाले. मी मागे. इतक्या वर्षांत त्यांनी दुकानातून आणलेली वस्तू कधी परत नेली नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता.

गुलाबभाईंनी पंप हातात घेऊन नुसता हुंगला. "उस्ताद, ये उल्टा लगा है."

"काऊन उलटा लागंल? कॉलेजनं लावला हाय."

"तो कॉलेज ने उल्टा लगाया है."

"ते वाचून लावते, गुलाब. तुह्यासारखी हुंगून नाई लावत."

"अरे, जला हुआ पंप है, मैं तीस साल से..."

"खराब माल देला आन् वरून पोट्टीवर ढकलून राहिला? लाज वाटू दे. चोर कुठला!"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती वस्तू बघायची सोडून आम्हाला बघू लागली. गुलाबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरचे फॅनबेल्ट मोजत होते. त्यांनी मागून दुसरा पंप काढला आणि काउंटरवर आपटला. "ले जा. और कल से चाय अपनी-अपनी."

दुसरा पंप मी लाल तार बॉडीला जोडून बसवला. उत्तम चालला. उस्ताद म्हणाले, "पाह्य, माल चांगला असन तं काम चांगलंच होते." मी मान हलवली. त्यांना ती दिसली नसावी.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला जाताना मी पाहिलं, आठ वाजता बाकावर उस्ताद एकटे बसले होते. चहावाल्यानं सवयीनं दोन कप आणले. एक त्यांनी परत पाठवला.

वरात रविवारी संध्याकाळी पाचला निघाली. उन्हाचा तडाखा तसाच होता. अशा वेळी मेकॅनिकनं गाडीमागे चालायचं असतं, खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. त्याला आमंत्रणच म्हणतात. गुलाबभाईंनाही निमंत्रण होतं. एरवी दोघं म्हातारे गाडीमागे जोडीनं चालत आणि सगळ्या बँडला नावं ठेवत. त्या दिवशी गुलाबभाई पार पुढे, बँडच्या पलीकडे होते.

बटन दाबलेलं होतं. गाडी चालली, थांबली, पुन्हा चालली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. फुफा लोक बाह्या सरसावून तयार होते, त्यांचे चेहरे हळूहळू पडत गेले. टॉवेलवाल्या चुलतभावानं शेवटी टॉवेल स्वतःच्याच डोक्यावर घेतला. गाडी मंडपापर्यंत एकदाही न थांबता पोचली. त्या घराण्याच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं आणि निम्मे पाहुणे नाराज झाले.

सेठ मात्र खूश होते. चार माणसांत उस्तादांचा हात धरून म्हणाले, "कमाल कर दी उस्ताद!"

"मी काई नाई केलो. हे कॉलेजनं केलं," उस्ताद मोठ्यानं म्हणाले. त्यांना वाटत होतं बँडच्या आवाजात मोठ्यानंच बोलावं लागतं. "त्या गुलाबनं तं जळका माल देला होता. तरी पोट्टीनं निभावलं."

गुलाबभाई सरबताचा ग्लास घेऊन चार पावलांवर उभे होते. त्यांनी ग्लास तसाच टेबलावर ठेवला आणि जेवायला न थांबता निघून गेले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बँड वाजत होता, हे माझं कारण. थोड्या वेळानं बँड थांबला, तेव्हा मी दुसरं कारण शोधलं. मग पंगत बसली, आणि जेवताना कोणी बोलू नये असं मी ठरवलं. शिकलेल्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत. शिक्षणाचा एवढा एक फायदा मी छातीठोक सांगू शकते.

सोमवारी परीक्षा संपलेल्या होत्या, म्हणून आठलाच गॅरेजात गेले. उस्ताद बाकावर होते. समोर एकच कप.

"उस्ताद, पंप खराब नव्हता. मी उलटा लावला होता."

ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. "बोनेटवर लिवलं होतं ना मी?"

"वाचलं होतं. मले वाटलं, लिवलेल्याचा अर्थ उलटा घ्याचा."

त्यांना आधी कळेचना. मी दोनदा सांगितलं. कळल्यावर हसतील असं मला वाटत होतं, खरं म्हणजे त्यावरच माझी सगळी भिस्त होती. ते हसले नाहीत.

"मी इथंच तं बसलो होतो. काऊन नाई इचारलं?"

"मले वाटलं, मले समजलं."

"ते जाऊ दे. चूक माह्याकडूनबी होते. पर खोटं कायले बोल्ली व? मले भेली?"

"नाही. पुन्हा एकटीले काम नाही देणार म्हणून."

त्यांनी कप बाकाखाली सरकवला. म्हणाले, "मी गुलाबले चोर म्हटलो. दुकानात म्हटलो. मांडवात म्हटलो." बोटांवर मोजल्यासारखं म्हणाले. उठले, गॅरेजचा मळका सदरा काढला, खुंटीवरचा धुतलेला घातला. "चाल."

गुलाबभाईंचं शटर आता आठ वाजताच अख्खं उघडं असे. मी बोलायला तोंड उघडलं, तर उस्तादांनी हातानं थांबवलं आणि स्वतःच म्हणाले, "गुलाब, माल चांगला होता. तोंड माहं खराब होतं."

मग मी माझं सांगितलं, अर्थापासून अनर्थापर्यंत सगळं. गुलाबभाई पावती फाडता फाडता ऐकत होते. म्हणाले, "बेटी, मैंने तो उसी दिन बोल दिया था. तब तेरी गवाही चाहिए थी. आज मेरे किस काम की?"

"चहा घेतं?" उस्तादांनी विचारलं.

"दुकान का टाइम है."

आम्ही परत आलो. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला कामावरून काढलं नाही आणि तीनच दिवसांनी दुसरी गाडी एकटीच्या हाती दिली. ज्या भीतीपोटी मी खोटं बोलले, ती भीती किती फुकटची होती, हे मला असं कळलं. मात्र तेव्हापासून मी काही वाचायला घेतलं की ते म्हणतात, "लिवलं काय हाय तेवढं सांग. अर्थ नको सांगू." गिऱ्हाइकांना हा विनोद वाटतो.

दोघांचं बोलणं सुरू व्हायला पोळा उजाडला. एका सकाळी गुलाबभाई आपणच येऊन बाकावर बसले, बँडवाल्यांना नावं ठेवायला लागले, उस्तादांनी दुसरा कप मागवला. आता ते येतात. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी उस्ताद चहा लवकर संपवतात, असं चहावाला सांगतो, आणि दुपारी मी आले की मला उगाचच काहीतरी काम सांगतात. मी ते लगेच करते.

पार्ट आणायला आता मीच जाते. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू मागितली की गुलाबभाई खालून बॅटरी उचलून काउंटरवर ठेवतात, दुकानात कितीही गर्दी असली तरी. चष्मा लावतात, लाल तार, काळी तार मोठ्यानं म्हणत जोडतात आणि ती वस्तू दोन सेकंद चालवून दाखवतात. "देख लिया? चालू है?" बाकीच्या कोणाला ते असं करून दाखवत नाहीत. मागची गिऱ्हाइकं वैतागतात, घाई करायला सांगतात. मी करत नाही. "देख लिया, चाचा, चालू है," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते, आणि मगच वस्तू उचलते.